घरात इंटरनेटची केबल घालून घेताना

खेड्यात नवे घर बांधावयाचे झाले म्हणजे शिक्षकाचा सल्ला घेण्याची रीत जुनी आहे. खिडक्या किती ठेवाव्या, पाण्याची टाकी कोठे बसवावी, कर्जाचे हप्ते कसे बसतील, हे प्रश्न गावकरी आजही शिक्षकापुढे मांडतात. त्यांत अलीकडे आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे : घरात इंटरनेटची केबल कोणाकडून व कशी घालून घ्यावी ? शिक्षकाचे स्वतःचे घर होत असेल, तर हा प्रश्न त्याच्या दारीही उभा राहतो. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा पुष्कळ शिक्षकांना घरूनच पाठ द्यावे लागले. ओसरीवर, अंगणात, क्वचित गच्चीवर, जेथे म्हणून मोबाइलला रेंज मिळेल तेथे बसून त्यांनी वर्ग चालवले. आज अनेक गावांत काचेच्या तंतूची, म्हणजे फायबरची, जोडणी थेट घराच्या दारापर्यंत येते. परंतु दारापर्यंत आलेला वेग आतल्या खोलीत पोचत नाही. मग माहिती भरताना पृष्ठ मध्येच अडते, प्रशिक्षणाचे चित्र थिजते, आणि सगळा दोष कंपनीच्या माथी मारला जातो. वास्तविक तो दोष पुष्कळदा घराच्याच भिंतीत असतो.

केबलचे काम इतर कामांहून एका बाबतीत निराळे आहे. सुताराने केलेला दरवाजा रोज डोळ्यांसमोर असतो, त्याची उणीव आज ना उद्या दिसते व सुताराला बोलावता येते. केबल मात्र ज्या दिवशी घालून होते त्याच दिवशी गिलाव्याआड जाते. तिच्यातील खोट दिसत नाही, फक्त जाणवते, आणि ती काढावयाची तर भिंत फोडावी लागते. यास्तव हे काम सांगणाऱ्याने काम सुरू होण्यापूर्वीच थोडेसे जाणून घेणे अगत्याचे आहे. या लेखात 'केबल' म्हणजे संपूर्ण दोरी आणि 'तार' म्हणजे त्या दोरीतील एकेक बारीक धातूची तार, असा शब्दांचा वापर केला आहे.

केबल खरोखर हवी काय ?

प्रथम हे पाहावे. दोन-तीन खोल्यांचे, विटांच्या अर्ध्या भिंतींचे घर असेल आणि राउटर घराच्या मधोमध उंचावर ठेवता येत असेल, तर बिनतारी जोडणी, जिला सर्वजण वायफाय म्हणतात, ती पुरते. अशा घरात केबलवर खर्च करणे व्यर्थ होय. कित्येक ठिकाणी राउटर दाराजवळच्या कोपऱ्यात, लोखंडी कपाटामागे किंवा टीव्हीच्या पाठीशी दडवलेला असतो. तो नुसता हलवला तरी निम्मे गाऱ्हाणे मिटते.

जुन्या घराची गोष्ट वेगळी. दगडमातीच्या दीड-दोन हात रुंद भिंतीतून वायफायच्या लहरी फार क्षीण होऊन बाहेर पडतात. काँक्रीटच्या स्लॅबमधील लोखंडी सळयाही त्यांना अडवतात. यामुळे खालच्या मजल्यावर उत्तम चालणारे यंत्र वरच्या मजल्यावर अगदी निकामी ठरते. दुमजली घर, दगडी भिंती, मागच्या अंगाला मुलांची अभ्यासाची खोली, अशा ठिकाणी केबल घालणे हाच खरा उपाय होय. प्रत्येक खोलीत केबल नेण्याची गरज नसते. वरच्या मजल्यावर एक व अभ्यासाच्या खोलीत एक अशा दोन जागी केबल नेऊन तेथे वायफायचे छोटे यंत्र बसवले, तर सगळे घर व्यापते. नवे बांधकाम चालू असेल तर मात्र केबल आज घालावयाची नसली तरी रिकामा पाइप आताच टाकून ठेवावा, आणि त्यात एक मजबूत नायलॉनची दोरी सोडून ठेवावी. पाइप आणि दोरी यांचा खर्च अल्प असतो. पुढे भिंत फोडावी लागली तर गवंडी, गिलावा आणि रंग असा तिहेरी खर्च येतो.

केबलच्या पोटात काय असते

केबलचे बाहेरचे वेष्टन सोलले म्हणजे आत तारांच्या चार जोड्या, म्हणजे एकूण आठ तारा दिसतात. नारिंगी, हिरवी, निळी व तपकिरी अशा चार रंगांच्या चार तारा, आणि प्रत्येकीला त्याच रंगाचा पट्टा असलेली एक पांढरी जोडीदारीण. प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली असते, आणि चार जोड्यांचा पीळ सारखा नसून कमीजास्त असतो.

दोरखंडाला पीळ देतात तो बळकटीसाठी. येथे पिळाचे प्रयोजन वेगळेच आहे. जोडीतील एका तारेतून प्रवाह जातो व दुसरीतून परततो. शेजारून विजेची तार, पंखा किंवा पाण्याची मोटर यांचा उपद्रव आला, तर तारा पिळलेल्या असल्यामुळे तो दोघींवर जवळजवळ सारखाच पडतो. दुसऱ्या टोकाचे यंत्र दोन तारांमधील फरक तेवढा वाचते, सबब दोघींवर सारखा पडलेला उपद्रव आपोआप वजा होतो. टेलिफोनचे संशोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी पिळलेल्या जोडीच्या या युक्तीचे एकस्व १८८१ साली मिळवले होते. शंभर वर्षांहून जुनी ती युक्ती आजच्या संगणकाच्या केबलमध्येही जशीच्या तशी आहे. पीळ सुटला की केबल निम्मी मेली, हे ध्यानात ठेवले तर कारागिराचे काम जोखण्याची गुरुकिल्लीच हाती येते.

बाजारात केबलच्या निरनिराळ्या प्रती मिळतात. 'कॅट ५ ई' ही घरातील नेहमीच्या कामास, म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिट वेगास, पुरेशी आहे. 'कॅट ६' तिच्याहून सरस असून किमतीत थोडी अधिक. भिंतीत पुरावयाची केबल वीस-पंचवीस वर्षे तेथेच राहणार आहे, हे लक्षात घेता नव्या घरात 'कॅट ६' घालणे शहाणपणाचे ठरेल. याहून वरच्या प्रतीचा आग्रह कोणी धरीत असेल, तर तो गिऱ्हाइकाच्या गरजेपेक्षा स्वतःच्या नफ्याकडे पाहत आहे असे खुशाल समजावे. दोन टोकांमधील लांबीची मर्यादा १०० मीटर आहे. त्यांपैकी भिंतीतील केबल ९० मीटरपर्यंत व दोन्ही टोकांना लागणाऱ्या सुट्या दोऱ्या मिळून १० मीटर, असा हिशेब धरतात. घरात ही मर्यादा ओलांडली जाण्याचा संभव नाही. शाळेच्या दोन इमारतींचा प्रश्न आला म्हणजे तो उद्भवतो.

काम कोणास द्यावे

तालुक्याच्या गावी हे काम करणारे साधारणपणे तीन प्रकारचे लोक आढळतात. घराचे विजेचे काम करणारा वायरमन, इंटरनेटची जोडणी देणाऱ्याचा माणूस, आणि दुकानांतून व मंगल कार्यालयांतून कॅमेरे बसवणारा.

वायरमन भिंतीची झिरी, पाइप व डब्या यांची कामे चोख करतो. पण विजेची तार व ही केबल यांत त्याला फरक वाटत नाही. तो दोन्ही एकाच पाइपात घालतो, टोकाला चार बोटे पीळ उलगडतो, केबल तुटली तर मध्ये सांधा देऊन वर चिकटपट्टी गुंडाळतो. विजेच्या तारेला हे चालते, या केबलला चालत नाही. वायरमनकीचा परवाना हा त्याच्या विजेच्या कामाचा दाखला आहे, या कामाचा नव्हे. इंटरनेटवाल्याच्या माणसाला टोके जोडता येतात, परंतु त्याला दिवसात दहा घरे उरकावयाची असतात. तो केबल खिडकीच्या फटीतून आत घेऊन चौकटीवर खिळे मारीत नेतो. कॅमेरेवाल्याचा हात या कामावर बसलेला असतो खरा. पण कॅमेऱ्याला १०० मेगाबिटचा वेग पुरतो आणि त्या वेगाला आठांपैकी चारच तारा लागतात. त्यामुळे हलकी केबल वापरण्याची व कधी कधी चारच तारा जोडण्याची सवय त्याला लागलेली असते. त्याच्या दृष्टीने ते काम 'चालते'. घरातील १००० मेगाबिटला मात्र आठही तारा लागतात.

तात्पर्य, माणूस कोणत्या वर्गातला हे पाहण्यापेक्षा त्याचा हात पाहावा. निदान वर्षापूर्वी त्याने केलेले एखादे काम पाहून यावे व त्या घरधन्याला दोन प्रश्न विचारावेत : काम झाल्यावर बोलावले असता तो आला काय, आणि कोणत्या डबीतून कोणती केबल कोठे जाते हे घरात कोणाला ठाऊक आहे काय ? दुसरा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण त्याचे उत्तर 'नाही' असे आले, तर कारागिराने खुणा न करताच काम केले असे समजावे.

नंतर नमुना मागावा. केबलचा हातभर तुकडा व एक जॅक त्याच्यापुढे ठेवून त्यास जोडून दाखविण्यास सांगावे. चांगला कारागीर याचा राग मानीत नाही. त्याने वेष्टन किती सोलले, पीळ कोठवर ठेवला, हे शेजारी बसून पाहावे. जॅकच्या दातापर्यंत पीळ टिकला पाहिजे. फार तर १३ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या इंचाइतका उलगडलेला चालतो. टोकाला रंगांचा क्रम कोणता ठेवतोस, असे विचारले असता त्याने न अडखळता सांगितले पाहिजे. आपल्याकडे बहुधा चालणारा क्रम असा : पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी.

या क्रमात एक चमत्कारिक गोष्ट दिसते. हिरवी जोडी एकत्र नसून तिच्यामध्ये निळी जोडी शिरलेली आहे. नवशिक्याला ही चूक वाटते आणि तो आपल्या बुद्धीने ती सुधारतो : नारिंगीशेजारी नारिंगी, हिरवीशेजारी हिरवी, निळीशेजारी निळी. दोन्ही टोकांना असेच केले की प्रत्येक तार योग्य क्रमांकाला पोचते आणि तपासणीच्या डबीवर आठही दिवे क्रमाने लागतात. कारागीर समाधानाने घरी जातो. परंतु यंत्र तिसऱ्या व सहाव्या क्रमांकांच्या तारा ही एक जोडी समजते. येथे तिसरी तार हिरव्या जोडीतली व सहावी निळ्या जोडीतली झाली. म्हणजे प्रवाह एका पिळातून गेला व दुसऱ्या पिळातून परतला. पीळ असून नसल्यासारखा झाला. केबल आखूड असेल तर कसेबसे चालते. लांब असेल तर वेग पडतो व जोडणी तुटत राहते, आणि दिवे लागत असल्यामुळे दोष कोणालाच सापडत नाही. असा दोष शोधण्यात घरमालकाचे महिने जातात. तो टाळावयाचा असेल तर डबी बंद होण्यापूर्वी प्रत्येक टोकाचा क्रम स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा. रंग वाचण्यास तंत्रज्ञ असावे लागत नाही.

माल स्वतः आणावा

काम मालासकट उक्ते द्यावे की मजुरी निराळी ठरवावी, याविषयी दुमत असू शकेल. या कामापुरते तरी माल स्वतः विकत घेऊन मजुरी दर जागेमागे ठरवणे श्रेयस्कर होय. उक्त्या कामात बचत करण्याची कारागिराची एकच जागा असते, ती म्हणजे माल. आणि या मालात भेसळ ओळखणे कठीण असते.

भेसळ अशी. केबलची तार शुद्ध तांब्याची असावी लागते. बाजारात ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ थर चढवलेली केबलही मिळते. तिच्या पेटीवर कधी 'सीसीए' अशी अक्षरे असतात, कधी नसतातही. ती पुष्कळ स्वस्त असते. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असल्याने लांब अंतरावर संदेश क्षीण होतो. दोन-चारदा वाकवली की तार तुटते, आणि दमट हवेत टोकाशी गंजून सांधा सैल होतो. छतावरील यंत्राला याच केबलमधून वीज पुरवली तर ती अधिक तापते. ओळखावयाची रीत सोपी आहे. पेटी हातात घेताच हलकी लागते. तारेचे टोक ब्लेडने हळूच खरवडावे : आतपर्यंत लाल राहिले तर तांबे, पांढरे दिसले तर ॲल्युमिनियम. क्वचित लोखंडी तारेवरही तांब्याचा थर दिलेला असतो, तो शाळेच्या साहित्यपेटीतील लोहचुंबक क्षणात उघडा पाडतो. दुकानदाराकडून पक्की पावती घ्यावी व तीवर 'पूर्ण तांबे' असे लिहून घ्यावे. लिहून देण्यास तो कचरला, तर तेवढ्यावरूनच काय ते समजते.

केबलच्या वेष्टनावर ठरावीक अंतराने लांबीचे आकडे छापलेले असतात, कोठे मीटरमध्ये तर कोठे फुटांत. एका टोकाचा आकडा दुसऱ्यातून वजा केला की लागलेली लांबी निघते. मजुरी किंवा माल लांबीवर ठरला असेल तर पट्टी लावण्याची गरजच पडत नाही. ही साधी गोष्ट ठाऊक नसल्यामुळे अंदाजाने पैसे दिले जातात आणि पुढे विनाकारण वाद होतो.

गिलाव्यापूर्वी

सर्वांत महत्त्वाचा नियम हा की, विजेच्या तारा व ही केबल एका पाइपात, एका पट्टीत किंवा एका डबीत कदापि येऊ नयेत. संदेशात अडथळा येतो हे कारण दुय्यम आहे. विजेच्या तारेचे वेष्टन उंदराने कुरतडले किंवा खिळा लागून फाटले, तर २३० व्होल्टचा दाब केबलमध्ये उतरू शकतो आणि अभ्यासाच्या मेजाशी असलेल्या यंत्रापर्यंत पोचू शकतो. तेथे मूल बसलेले असते. दोन्ही पाइपांत निदान एक वीत अंतर ठेवावे. जेथे एकमेकांना ओलांडणे अटळ असेल तेथे काटकोनात ओलांडावे. झिरी मारण्यापूर्वी त्या भागाचा मुख्य खटका बंद करवावा. भिंतीत जुनी तार कोठून गेली आहे हे घरमालकालाच ठाऊक असते. कारागिराला, विशेषतः त्याच्या हाताखालच्या कोवळ्या पोराला, ते सांगणे हे घरमालकाचे काम आहे.

केबल दोरीसारखी ओढू नये. सुमारे ११ किलोग्रॅम वजनाइतक्या ओढीपलीकडे तिचा पीळ ताणला जातो. तिला घडी घालू नये : वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या चौपट, म्हणजे अडीच सेंटिमीटरच्या आसपास असावी. म्हणून पाइपाला काटकोनी एल्बो न लावता लांब वळणाचा बेंड लावावा, आणि दोनपेक्षा अधिक वळणे येत असतील तर मध्ये एक डबी ठेवावी. २५ मिलिमीटरच्या पाइपात तीन-चार केबली सुखाने मावतात. पाइप ठासून भरला तर पुढे एखादी बदलणे अशक्य होते. केबल अखंड असावी, भिंतीत सांधा असू नये. प्रत्येक टोकाला हातभर केबल जादा सोडावी, कारण जॅक बिघडला की टोक छाटून नवा जोडावा लागतो. पाइपांची तोंडे बुजवावीत. खेड्यातील घरात या केबलचा मोठा शत्रू उंदीर आहे.

केबल ओढण्यापूर्वीच तिच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवावा. ओढून झाल्यावर चिकटवू म्हणणारा कारागीर पुढे ते विसरतो. गिलावा होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीसमोर मोजपट्टी धरून छायाचित्र घ्यावे. दहा वर्षांनी फळी ठोकताना खिळा कोठे मारू नये हे त्यावरून कळेल. भिंतीतून निघालेल्या केबलला थेट प्लग लावून ते यंत्रात खोचण्याचा प्रघात आहे, तो बरा नव्हे. भिंतीतील तार भरीव असते, वारंवार हलली की तुटते. भिंतीत जॅक बसवून तेथून यंत्रापर्यंत बारीक धाग्यांच्या तारेची सुटी दोरी लावावी. ती बिघडली तर दुकानातून दुसरी आणता येते.

पैसे आणि परीक्षा

करार कितीही लहान असला तरी तो कागदावर असावा. एका पानावर जागांची संख्या, प्रत्येक जागेची मजुरी, माल कोणाचा, काम किती दिवसांत, आणि तपासणी कशी, एवढे लिहिले म्हणजे झाले. मजुरीत घासाघीस करून माणसाला नमवण्यात अर्थ नाही. ज्याला पुरेसे मिळत नाही तो वेळ वाचवतो, आणि या कामात वाचवलेला वेळ भिंतीत पुरला जातो. त्यापेक्षा रास्त मजुरी ठरवून ती तीन हप्त्यांत द्यावी. थोडा इसार, मोठा भाग गिलाव्यापूर्वीच्या तपासणीनंतर, आणि उरलेली रक्कम रंग झाल्यावर पुन्हा तपासून. तपासणी दोनदा घेण्याचे कारण उघड आहे. मधल्या काळात गवंडी व रंगारी येऊन जातात, आणि खिळा कोणी मारला याचा वाद त्यानंतर मिटत नाही.

दिव्यांची डबी तारा अखंड आहेत व क्रमाने आहेत एवढेच सांगते. ती अवश्य लावावी, पण तीवर थांबू नये. प्रत्येक जॅकला संगणक जोडून जोडणीचा वेग पाहावा. राउटर व संगणक दोन्ही १००० मेगाबिटचे असूनही वेग १०० दाखवीत असेल, तर एखादी जोडी तुटली आहे किंवा नीट बसलेली नाही असे समजावे. नंतर अर्धा तास एखादा मोठा पाठ चालू ठेवून तो अडखळतो काय ते पाहावे. केबलची पूर्ण परीक्षा घेणारे यंत्रही असते, परंतु ते महाग असल्याने लहान कारागिराकडे त्याची अपेक्षा करता येत नाही. मोठ्या शाळेच्या कामाला मात्र तशी तपासणी मागणे योग्य होय.

गोठा, दुसरी इमारत आणि वळीव

घरातून गोठ्यापर्यंत, किंवा शाळेच्या जुन्या इमारतीतून नव्या खोल्यांपर्यंत तांब्याची केबल हवेतून ताणून नेलेली पुष्कळ ठिकाणी दिसते. उन्हाने साध्या केबलचे वेष्टन तडकते हा एक दोष. दुसरा अधिक गंभीर आहे. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली असता अशा तारेत मोठा दाब निर्माण होतो व दोन्ही टोकांची यंत्रे एका क्षणात जळतात. वीज तारेवरच पडावी लागते असे नाही. दोन इमारतींमध्ये काचेचा तंतू न्यावा. काचेतून वीज वाहत नाही, आणि १०० मीटरची मर्यादाही त्याला लागत नाही. मात्र आत लोखंडी तार किंवा पत्रा नसलेला तंतू मागून घ्यावा. फायबरच्या बळकटीसाठी तसे धातू कधी कधी वापरलेले असतात, आणि ते असले तर मूळ हेतूच फसतो. ढग गडगडू लागताच तांब्याची बाहेरची दोरी यंत्रातून काढून ठेवण्याची सवय शाळेत लावावी. पण गडगडाट डोक्यावर आल्यानंतर तिला हात लावू नये.

वर्गातील पाठ

घरात किंवा शाळेत हे काम चालू असेल तर वरच्या वर्गांसाठी त्यातून दोन चांगले पाठ निघतात.

पहिला गणिताचा. पायथागोरसचा सिद्धांत शिकवून झाल्यावर मुलांना विचारावे : खोली ६ मीटर लांब व ४.५ मीटर रुंद आहे. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात केबल न्यावयाची आहे. किती लागेल ? मुले कर्ण काढून ७.५ मीटर असे उत्तर देतील. त्यांना शाबासकी द्यावी व भिंतीकडे बोट दाखवावे. केबल हवेतून तिरपी जात नाही. ती जॅकपासून छताजवळ २.५ मीटर चढते, भिंतीकडेने ६ व ४.५ मीटर जाते, आणि पुन्हा २.५ मीटर उतरते. म्हणजे १५.५ मीटर. दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा मीटर जादा सोडला की १६.५ मीटर. केबलची पेटी ३०५ मीटरची येते, तर अशा किती जागा होतील, हा पुढचा प्रश्न. १८ जागा होऊन ८ मीटर केबल उरते. जे मूल १८.४८ असे उत्तर देईल त्याला, उरलेल्या तुकड्यातून अर्धी जागा कशी होईल, असे विचारावे.

दुसरा पाठ विज्ञानाचा. टॉर्चचे सेल, छोटा दिवा व लांब वेष्टित तार यांचे मंडल करावे. तार सरळ ठेवून तिच्याखाली अगदी जवळ होकायंत्र उत्तर-दक्षिण दिशेने धरले असता, दिवा लागताच सूची ढळते. हा ओरस्टेडचा १८२० मधील प्रयोग होय. मग जाणारी व परतणारी तार एकमेकींभोवती घट्ट पिळून तोच प्रयोग करावा. सूची जवळजवळ स्थिर राहते. जी जोडी बाहेर उपद्रव करीत नाही ती बाहेरचा उपद्रव घेतही नाही, हे मुलांना दाखवल्यावर केबलमधील पीळ कशासाठी आहे ते ती स्वतःच सांगतात. सेलची दोन टोके दिव्यावाचून जोडू देऊ नयेत, सेल तापतो. भिंतीतील कोणत्याही खटक्याशी हा प्रयोग जोडू नये हे तर सांगावयास नकोच.

शाळेत केबल घातली असल्यास क्रमांकांची यादी, भिंतींची छायाचित्रे, दुकानाची पावती व करारचिठ्ठी ही शाळेच्या दप्तरी ठेवावीत, आणि एक प्रत राउटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवावी. मुख्याध्यापकांची बदली झाली की भिंतीतील माहिती त्यांच्याबरोबर जाते, असा अनेक शाळांचा अनुभव आहे. पेटीत उरलेली केबल साठा नोंदवहीत मीटरमध्ये लिहावी. मोजण्यासाठी ती उलगडावी लागत नाही, वेष्टनावरचे दोन आकडे पाहिले की पुरते.